कोकणात नव्याने राहायला येताय? १२ लिटरचा डीह्युमिडिफायर घ्यावा का?

घ्यावा, पण एका खोलीपुरताच. हे हवेतली ओल खेचून तिचं पाणी टाकीत जमवणारं यंत्र. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि झड लागली की घरातली आर्द्रता ८५-९० टक्क्यांखाली उतरत नाही. चपलांवर, पट्ट्यांवर, कपाटाच्या मागच्या फळीवर पांढरी बुरशी धरते ती यामुळेच.

खोक्यावरचे १२ लिटर, म्हणजे दिवसभरात हवेतून निघणारं पाणी, ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. हवा कोरडी होत गेली की पाणी निम्म्यावर येतं, तो बिघाड नव्हे. १२० चौरस फुटांच्या खोलीला हे पुरतं. दारं-खिडक्या मात्र घट्ट बंद हव्यात; फट राहिली तर यंत्र बाहेरची हवाच सुकवत बसतं. मंगलोरी कौलांच्या, माळा नसलेल्या घरात म्हणूनच पैसे वाया जातात.

यंत्रावर आर्द्रता ५५ टक्क्यांवर ठेवा. त्याहून खाली नेलंत तर फक्त वीजबिल वाढतं. साधारण २०० वॉटच्या यंत्राला आठ तासांत दीड युनिट लागतं. खोली दोन-तीन अंशांनी तापते, तेव्हा तिथे झोपू नका. त्याच खोलीत दोरीवर कपडे वाळत घाला आणि दार लावून घ्या. टाकी दोनच लिटरची असते, म्हणून मागच्या तोटीला नळी लावून उतारावर मोरीत सोडा. यंत्रातली हवा गाळायची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा.

कपाटांना ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइड क्षाराचे डबे बरे. साचलेलं खारं पाणी चामड्यावर सांडू देऊ नका, डाग जात नाही. वीज सारखी जाते तिथे हेच डबे आधी घ्या.