‘ड्रायक्लीन’ म्हणून पाण्यात बुडवलेली इरकल

निपाणीचं लग्न आटोपून घरी आलो आणि सासूबाईंच्या इरकलीवर बासुंदीचा डाग दिसला. सुती अंगाची, लाल रेशमी टोपतेणी (वेगळा विणून अंगाला जोडलेल्या) पदराची साडी. दोन वर्षांत चारदा नेसलेली, पाणी कधी लागलेलं नाही. म्हणून घरी हात लावला नाही. आमच्या बेळगावच्या शहापुरात नवी लाँड्री झालीय, काचेचं दार, वर भलामोठा ‘ड्रायक्लीन’चा बोर्ड. नाव मुद्दाम लिहीत नाही.

“अक्का, काळजीच सोडा. आमच्याकडं पाण्याचा थेंब लागत नाही, सगळं मशीनवर,” मालक म्हणाला. साध्या धुलाईचे ९०, ड्रायक्लीनचे २५०. पैसे आधी घेतले आणि वहीतला कागद फाडून दिला, ‘साडी १, २५०’. दुकानाचं नाव नाही, तारीख नाही, कसली साडी ते नाही, ड्रायक्लीन हा शब्दही नाही. मी तो पर्समध्ये कोंबला. इथंच गाडी घसरली.

चार दिवसांनी गेले तर “नाळे बर्री.” कानडीत नाळे बर्री म्हणजे उद्या या, हे बेळगावात शेंबड्या पोरालाही कळतं. पण लाँड्रीतला ‘नाळे’ कॅलेंडरात सापडत नाही. पाच खेपा झाल्या. सहाव्या वेळी प्लास्टिकच्या पिशवीत कडक इस्त्री केलेली घडी हातात आली. वरून बघाल तर झकास.

घरी घडी मोडली. पदराचा लाल रंग हिरव्या अंगावर हातभर उतरलेला, आणि पदर जोडला आहे तिथं चुण्याच चुण्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसती साडी मांडीवर घेऊन बसल्या.

दुकानात विचारलं तर “रंगच कच्चा होता अक्का, आम्ही काय करूया म्हणता?” क्षणभर मलाही पटलं. पण वडगावातल्या एका काकांना साडी दाखवली. त्यांचं आयुष्य मागावर गेलं. त्यांनी आधी चुण्यांवरून बोट फिरवलं. इरकलीत अंग आणि पदर यांचे ताणे, म्हणजे उभे धागे, वेगळे असतात, ते एकमेकांत अडकवून जोडतात. गरम पाण्यात सूत आकसतं, रेशीम तेवढं आकसत नाही, म्हणून ओढ पडते ती जोडावर. मग त्यांनी कोपऱ्यात नंबराची चिंधी लावलेली स्टेपलरची पिन दाखवली. भोवती तांबूस गंजाचा ठिपका. “ड्रायक्लीनच्या औषधात पिन गंजते होय? ही ओली घडी दोन दिवस पडून होती, बाळ.” (पूर्वीचे धोबी बिब्ब्यानं खूण करायचे. ती पिन टोचण्यापेक्षा बरी म्हणायची.)

म्हणजे २५० घेऊन ९० ची धुलाई, तीही निष्काळजीपणानं.

पिन दाखवल्यावर मालकाचा सूर बदलला. “२५० परत घ्या आणि विषय मिटवा.” मी म्हटलं, घेते, पण साडी पाण्यात धुतली एवढं एका ओळीत लिहून द्या. पैसे द्यायला तयार, लिहायला नाही. वर म्हणतो, “चिठ्ठीवर ड्रायक्लीन कुठं लिहिलंय दाखवा बघू.”

ते ऐकून डोकं फिरलं आणि मग चौकशी केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेचं बिल किंवा पावती न देणं हाच अनुचित व्यापार धरला आहे. म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर तो बोलत होता, तो त्याच्यावरच उलटतो. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, वकील लागतोच असं नाही आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून तक्रार नोंदवता येते, ती मी नोंदवली आहे.

आता कपडा टाकताना मी काउंटरवरच उभी राहते. ‘इरकल, हिरवी, लाल पदर, ड्रायक्लीन, डाग एक’ असं दुकानाच्या छापील पावतीवर लिहून घेते, मोबाईलवर फोटो काढते. मागं रांगेतली माणसं चुळबुळ करतात, करू देत.

डाग काढायचे उपाय गल्लीतली प्रत्येक बाई सांगून जाते. साडी मात्र पिनेसकट तशीच ठेवलीय, त्या फाटक्या चिठ्ठीशेजारी. सासूबाईंना तेवढी पिन तरी काढायची आहे. मी म्हटलं, आत्ता नको.