जुन्या निवाड्यांचे दुकान : दीड वर्षाच्या व्यवहारानंतरचा अभिप्राय

नाशिकच्या जिल्हा न्यायालयापासून पायी दहा मिनिटांवर, शालिमारकडे जाताना लागणाऱ्या एका गल्लीत हे दुकान आहे. येथे कायद्याची जुनी पुस्तके, विशेषतः लॉ रिपोर्टचे (न्यायालयांचे निवाडे छापणाऱ्या मालिकांचे) बांधीव खंड, विकत मिळतात. ज्यांना अख्खा खंड घ्यायचा नसेल त्यांनी मुद्दा लिहून दिल्यास त्या मुद्द्यावरचे जुने निवाडे शोधून त्यांच्या छायाप्रती आणि सोबत एक पानाचा मराठी सारांश तयार करून दिला जातो. मी दिवाणी बाजूस वकिली करतो. गेल्या दीड वर्षात मी येथून नागपूरच्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे, सर्वोच्च न्यायालय विभागाचे १९५० ते १९६४ पर्यंतचे पंधरा खंड साडेसात हजार रुपयांना घेतले आणि शोधसेवा सात वेळा वापरली. त्या अनुभवावर हा अभिप्राय आहे.

माझे पहिले जाणे एका खतामुळे, म्हणजे जमिनीच्या दस्तऐवजामुळे, झाले. निफाड तालुक्यातील एका कुटुंबाने १९९३ साली द्राक्षबागेसाठी रक्कम घेतली होती आणि त्यापोटी, गावाकडे ज्याला मुदतखरेदी म्हणतात, तसे खत लिहून दिले होते. पाच वर्षांत रक्कम परत केल्यास जमीन परत लिहून द्यायची, ही शर्त त्याच खतात होती. समोरच्या पक्षाचे म्हणणे असे की ही विक्रीच आहे आणि वायदा चुकल्यामुळे सर्व संपले. आमचे म्हणणे असे की हे गहाण आहे आणि गहाण सोडवण्याचा हक्क अजून जिवंत आहे. मी दुकानात जाऊन ‘सशर्त विक्रीचे गहाण’ एवढाच मुद्दा चिठ्ठीवर लिहून दिला आणि दोन-तीन सायटेशन (निवाड्यांचे संदर्भ) हातात पडतील अशी अपेक्षा ठेवली. मालकांनी (बार रूममध्ये सगळे त्यांना काकाच म्हणतात) १९५४ चा खंड काढला, चुनचुन झा विरुद्ध इबादत अली हा निवाडा उघडून समोर ठेवला आणि म्हणाले, “वकीलसाहेब, आधी पूर्ण वाचा, मग झेरॉक्सचं बघू.” खिडकीशी एक टेबल आणि दोन खुर्च्या आहेत. तिथे बसून मी तो निवाडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. इतक्या वर्षांत त्याची हेडनोट (निवाड्याच्या माथ्यावर छापलेला सारांश) मी अनेकदा वापरली होती, पण पूर्ण निवाडा त्या दिवशी प्रथमच वाचला.

न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलेल्या त्या निवाड्यात १९३० सालच्या एका खताचा अर्थ लावलेला आहे. खताची रक्कम अवघी सातशे रुपये होती. त्यांपैकी ६३४ रुपये १० आणे हे आधीच्या गहाणाचे थकलेले देणे होते आणि ६५ रुपये ६ आणे एवढीच रोख नवी होती. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ मध्ये १९२९ साली आलेल्या परंतुकानुसार (कलमाला जोडलेल्या अटीनुसार) परत देण्याची शर्त वेगळ्या कागदावर असेल तर व्यवहार गहाण ठरू शकत नाही. शर्त त्याच कागदात असेल तर मात्र खताच्या शब्दांचा आणि भोवतालच्या परिस्थितीचा अर्थ लावावा लागतो. न्यायालयाने ते गहाणच ठरवले. परंतु त्याच निवाड्यात असेही बजावले आहे की दोन खते क्वचितच सारख्या शब्दांत लिहिलेली असतात, भोवतालची परिस्थितीही वेगळी असते, म्हणून एका खटल्याची दुसऱ्याशी तुलना करून उत्तर निघत नाही आणि प्रत्येक खटला त्याच्या स्वतःच्या वस्तुस्थितीवर ठरवावा लागतो. जो निवाडा मी केवळ क्रमांक सांगून पुढे करणार होतो, तोच निवाडा तसे न करण्याविषयी सांगत होता. त्यानंतर मी पक्षकारांना परत बोलावले आणि १९९३ पूर्वीचे काही देणे होते का, ताबा कोणाकडे राहिला, शेतसारा कोणी भरला, त्या वेळी जमिनीचा बाजारभाव काय होता, हे सर्व कागदांसह नव्याने विचारून घेतले. दाव्याचा मसुदा त्यामुळे पूर्ण बदलला.

पंधरा खंड विकत घेण्याचा निर्णय मी त्या टेबलावरच घेतला. खंडांची स्थिती सांगायची तर कागद पिवळा पडला आहे, पण ठिसूळ झालेला नाही. बांधणी कापडी पाठीची असून दुकानाने बहुतेक खंड नव्याने शिवून घेतले आहेत. १९५२ आणि १९५८ च्या खंडांची पाने उलटताना मात्र जपावे लागते, कारण शिवण आतल्या समासात फार खोल गेली आहे आणि ओळींची पहिली अक्षरे दिसण्यासाठी खंड दाबून धरावा लागतो. १९६१ च्या खंडातील विषयसूचीची काही पाने नाहीत. ही गोष्ट विक्रीपूर्वी मला सांगितली गेली नाही, याची नोंद येथे करणे आवश्यक वाटते. मी दाखवून दिल्यावर त्यांनी दुसऱ्या प्रतीवरून ती पाने छापून, समासाच्या मापाने कापून, आत चिकटवून दिली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

या खंडांच्या समासांत आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या टिपा आहेत. अक्षर एकाच व्यक्तीचे आहे आणि टिपा मराठीत आहेत. गंगाधर विरुद्ध शंकरलाल या १९५८ च्या निवाड्याशेजारी ‘८५ वर्षे! तरीही मान्य’ असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. प्रकरण अजमेरच्या एका दुकानाचे होते. १ ऑगस्ट १८९९ रोजी ते ६,३०० रुपयांना गहाण ठेवले गेले आणि शर्त अशी की पंच्याऐंशी वर्षे ते सोडवता येणार नाही, त्यानंतर सहा महिन्यांच्या आत सोडवावे, नाहीतर ते गहाण घेणाऱ्याचे होईल. गहाण सोडवण्याचा दावा १९४७ मध्ये दाखल झाला. न्यायालयाने सहा महिन्यांची अट गहाण सोडवण्याच्या हक्काला अडथळा म्हणून टाकून दिली, पण पंच्याऐंशी वर्षांची मुदत टाकली नाही, कारण कर्ज घेणाऱ्याच्या अडचणीचा गैरफायदा घेऊन ती लादली गेली, असे त्या व्यवहाराच्या परिस्थितीतून दिसत नव्हते. म्हणजे १९८४ पर्यंत थांबणे आले आणि दावा मुदतपूर्व ठरला. नुसती लांब मुदत म्हणजे जुलूम, असे धरून चालणाऱ्याने हा निवाडा अवश्य वाचावा. त्या अनोळखी वकिलाला जे आश्चर्य वाटले तेच मलाही वाटले, आणि एवढ्या वर्षांनी त्याच समासात त्याची सोबत मिळाली याचा मला मनापासून आनंद झाला.

आता शोधसेवेविषयी. एका मुद्द्यास तीनशे रुपये आणि छायाप्रतींचे वेगळे पैसे पडतात, आणि चिठ्ठी दिल्यावर साधारण तीन दिवसांत काम होते. माझ्या मते या सेवेचा मोठा गुण असा की प्रत नेहमी पूर्ण निवाड्याची दिली जाते. फक्त हेडनोटची किंवा एखाद्या परिच्छेदाची प्रत मागितली तरी ते देत नाहीत. सुरुवातीला मला हा हट्ट वाटला होता. परंतु किरण सिंग विरुद्ध चमन पासवान या १९५४ च्याच निवाड्याचे उदाहरण घेतले तर त्यामागचे कारण लक्षात येते. अधिकारक्षेत्र नसलेल्या न्यायालयाचा हुकूमनामा शून्यवत असतो आणि ही हरकत कोणत्याही टप्प्यावर, अगदी दरखास्तीतही (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या वेळीही), घेता येते, हे त्यातील वाक्य आपल्याकडे रोज कोणत्या ना कोणत्या न्यायालयात वाचून दाखवले जाते. पण त्या प्रकरणात ती हरकत घेणारे पक्षकार हरले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

प्रकरण मुंगेरचे होते. सुमारे साडेबारा एकर जमिनीच्या ताब्यासाठी वादींनी स्वतःच दाव्याचे मूल्यांकन २,९५० रुपये केले, दुय्यम न्यायाधीशाकडे हरले, जिल्हा न्यायालयात अपिलात हरले आणि पाटणा उच्च न्यायालयात दुसऱ्या अपिलासाठी गेले. तेथे मुद्रांकाची तपासणी झाल्यावर मूल्यांकन ९,९८० रुपये ठरले. तेव्हा वादींनीच उलट मुद्दा काढला की या मूल्यांकनावर पहिले अपील थेट उच्च न्यायालयातच यायला हवे होते, म्हणून जिल्हा न्यायालयाचा निर्णय शून्यवत धरावा आणि आमचे अपील पहिले अपील म्हणून ऐकावे. सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले नाही. दावा मूल्यांकन अधिनियम, १८८७ च्या कलम ११ प्रमाणे मूल्यांकनाच्या चुकीमुळे निकालावर प्रत्यक्ष विपरीत परिणाम झाला हे दाखवल्याशिवाय अशी हरकत चालत नाही, आणि ज्याने स्वतः कमी मूल्यांकन करून न्यायालय निवडले त्याला तर ती मुळीच शोभत नाही, असा तो निर्णय आहे. मागच्या पावसाळ्यात माझ्याविरुद्ध हेच सुप्रसिद्ध वाक्य वाचले गेले तेव्हा मी पूर्ण प्रत न्यायाधीशांपुढे ठेवली आणि त्यापुढचे परिच्छेद वाचून दाखवले. अर्जाचा निकाल आमच्या बाजूने झाला. तीनशे रुपयांच्या सेवेचे मोल यापेक्षा अधिक मला सांगता येणार नाही.

विलंबमाफीच्या मुद्द्यावर मिळालेला रामलाल विरुद्ध रेवा कोलफिल्ड्स हा निवाडाही असाच उपयोगी पडला. तेथे अपिलास एकाच दिवसाचा उशीर झाला होता. मुदतीच्या आतील दिवसांत काय केले याचा हिशेब मागायचा नसतो, मुदत संपल्यापासून अपील दाखल होईपर्यंतच्या काळाचे स्पष्टीकरण पुरेसे आहे का एवढेच पाहायचे असते, हे न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी त्यात स्पष्ट केले आहे. कर्जाच्या कबुलीवरचा शापूर मझदा यांचा निवाडा आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत पुराव्याचा भार कोणावर, हे सांगणारा कांगो यांचा निवाडा, हे दोन्हीही मला याच चिठ्ठ्यांतून मिळाले.

एका बाबतीत मात्र या सेवेवर विसंबून राहू नये, आणि हे मी पूर्ण गांभीर्याने लिहीत आहे. मराठी सारांश ज्या निवाड्याचा असतो त्याच्या काळचा कायदा सांगतो. तो कायदा पुढे बदलला की नाही, याची तपासणी दुकानात होत नाही. माझ्या निफाडच्या प्रकरणात सारांशात लिहिले होते की गहाण सोडवण्याची मुदत साठ वर्षे आहे. १९०८ च्या मुदत कायद्याप्रमाणे ते बरोबर होते. पण १ जानेवारी १९६४ पासून लागू झालेल्या १९६३ च्या कायद्याने ती मुदत तीस वर्षांवर आणली आहे. माझ्या पक्षकाराने तो सारांश आधी स्वतः येऊन नेला होता आणि आपल्याकडे अजून पिढीभराचा वेळ आहे, अशा समजुतीत तो घरी बसून होता. तीस वर्षे धरली तर त्याच्याकडे हातात फार थोडा काळ उरला होता. दुसऱ्या अपिलाबाबतही तसेच आहे, कारण १९७६ च्या दुरुस्तीनंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० चे स्वरूपच पालटले आणि पन्नाशीतील निवाडे तेथे जपूनच वापरावे लागतात. मी हे काकांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि आता प्रत्येक सारांशाच्या माथ्यावर ‘कायदा पुढे बदलला असल्यास वकिलांना विचारावे’ असा शिक्का मारला जातो. माझ्या मते तेवढे पुरेसे नाही. मुदतीसंबंधीचे सारांश वकील नसलेल्या माणसाच्या हाती देऊच नयेत.

दुसरी उणीव संग्रहाची आहे. सर्वोच्च न्यायालयाचे खंड जवळपास सलग आहेत, पण ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’चे खंड विखुरलेले आहेत आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकृत मालिकेचे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. नाशिक जिल्ह्यात जमिनीचे निम्मे वाद १९४८ च्या कुळकायद्यापाशी आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापाशी (ज्या दिवशी कुळांनी कसत असलेली जमीन खरेदी केली असे कायद्याने मानले) येऊन थांबतात. त्या कायद्याची १९५६ ची दुरुस्ती वैध ठरवणारा श्रीराम मेढी यांचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या खंडात मिळतो, पण नोटीस, ताबा आणि खरेदीची किंमत यांवरचे रोजच्या कामाचे निर्णय मुंबईच्या मालिकांतच आहेत. कुळकायद्याच्या कामासाठी या दुकानात जाणाऱ्याची निराशा होण्याचा संभव अधिक आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निवाडे २०२३ पासून ई-एससीआर या न्यायालयाच्या संकेतस्थळावरील संग्रहात विनामूल्य वाचता येतात, मग खंडांना पैसे कशाला, असे तरुण सहकारी विचारतात. निवाड्याचे नाव किंवा क्रमांक ठाऊक असेल तर मीही तेच पाहतो. पण नाव ठाऊक नसते, फक्त खत समोर असते, तेव्हा पन्नास वर्षे हीच पाने हाताळलेल्या माणसाने काढून दिलेला खंड आणि त्यासोबत मिळणारी खुर्ची मला अधिक उपयोगी पडली आहे.

दुकान दुपारी दोन ते चार बंद असते आणि शनिवारी गर्दी असते, म्हणून न्यायालयाचे काम संपल्यावर पाचनंतर जावे. पैसे रोख किंवा यूपीआयने घेतात आणि पावती मागितल्यास मिळते. माझ्या मालिकेतला १९६५ चा खंड सध्या बांधणीसाठी गेला आहे. अलवारच्या गहाणावरचा मुरारीलाल विरुद्ध देवकरण हा निवाडा त्याच खंडात असल्यामुळे मी त्याची आगाऊ रक्कम भरून ठेवली आहे आणि पाठीची शिवण समासापासून अर्धा इंच बाहेर घ्यावी, असे चिठ्ठीवर लिहून दिले आहे.