स्कॅन केलेली जुनी वृत्तपत्रे की ग्रंथालयातली बांधीव फाइल? कोल्हापूरकर वाचकासाठी एक तुलना

पणजोबांच्या काळात शाहूपुरीत गुळाला काय भाव मिळत होता, घरात ताप आला तर कोणते औषध मागवले जात होते, नाटकाच्या तिकिटाला किती आणे पडत होते, असे प्रश्न ज्याला पडतात त्या कोल्हापूरकरापुढे आज तीन वाटा आहेत. परदेशांतले शोधता येणारे इंग्रजी वृत्तपत्रसंग्रह ही पहिली, संगणकावर पाहता येणारी मराठी वृत्तपत्रांची स्कॅन ही दुसरी आणि जुन्या ग्रंथालयांतल्या बांधीव फाइल्स ही तिसरी. तिन्हींवर बरेच दिवस घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, आपल्याला एखादी घटना हवी आहे की रोजचे जगणे हवे आहे, हे आधी ठरवावे.

घटना हवी असेल तर इंग्रजी संग्रहाला तोड नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘ट्रोव्ह’ विनामूल्य आहे, तर ‘ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह’ला वर्गणी भरावी लागते. इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचे ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे निधन झाले. अशी घटना या संग्रहांत शब्द टाकून शोधता येते. मात्र गावाचे नाव आजच्या स्पेलिंगने शोधून भागत नाही, ‘कोलापोर’ या त्या काळच्या रूपाने शोधावे लागते. आणि तसे शोधले की समोर ढीग येतो तो नेमबाजीच्या निकालांचा, कारण कोल्हापूरच्या राजांच्या नावाचा एक चषक १८७१ पासून इंग्लंडमधल्या नेमबाजी स्पर्धेत खेळला जात आला आहे. पहिल्या दिवशी मी त्यातच अर्धी रात्र घालवली, हे कबूल केले पाहिजे. एरवी या पत्रांना कोल्हापूर दिसते ते दरबार, पोलिटिकल एजंट आणि शिकार यांच्यापुरते. भाजी मंडई त्यात नाही.

मराठी स्कॅनकडे आपण वळतो ते शोधाच्या सोयीच्या आशेने, आणि नेमकी तीच आशा फोल ठरते. झिजलेल्या खिळ्यांनी (छपाईच्या धातूच्या अक्षरांनी) छापलेली जोडाक्षरे यंत्राला नीट वाचता येत नाहीत. त्यातून मजकूर वाचला गेलाच तरी १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचे मराठी ‘घरांत’, ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वारांनी भरलेले असते, त्यामुळे ‘घरात’ शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. सर्वांत जास्त गोंधळ होतो तो जाहिराती आणि बाजारभाव यांच्या बारीक टायपात, म्हणजे आपल्याला हवे असते तिथेच. तेव्हा पान पान उलटत जाण्याला पर्याय नाही. तरीही घरी बसून, रात्री अकरा वाजता, एक स्तंभ हवा तेवढा मोठा करून वाचता येणे ही सोय डोळे थकलेल्या वाचकाला लहान वाटणार नाही.

दुसरी मर्यादा वृत्तपत्रांचीच आहे. पुण्या-मुंबईच्या पत्रांना कोल्हापूर हे परके संस्थान होते आणि तिथली बातमी म्हणजे बहुधा दरबारचे प्रकरण. दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्धच्या मजकुरावरून १८८२ साली टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या काळातला ‘केसरी’ चाळताना कोल्हापूरचे राजकारण भरपूर मिळते, पण गंगावेशीतला संसार मिळत नाही. जाहिरातींचे मात्र तसे नाही. औषधे, घड्याळे, पुस्तके ‘व्ही. पी.ने पाठवू’, म्हणजे पैसे टपाल हाती आल्यावर द्या, असे सांगणारा पुण्या-मुंबईचा दुकानदार संस्थानातल्या गिऱ्हाइकालाही माल पाठवीत असे, आणि १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आल्यावर ते आणखी सोपे झाले.

गावाचे रोजचे जगणे हवे असेल तर स्थानिक पत्रांच्या बांधीव फाइल्सकडे जावे लागते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे आहे, शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालयही आहे. कोणती वर्षे हाताळायला मिळतील हे जाण्यापूर्वी विचारून घ्यावे. एका ग्रंथालयात (नाव सांगण्याची गरज नाही) मी दोन हेलपाटे घातले आणि तिसऱ्या वेळी कळले की हवी ती फाइल बांधणीला गेली आहे. हाती आलेल्या फाइलचीही कुरकुर असतेच : कागद पिवळा पडून कडेने तुटतो, मधले अंक गहाळ असतात आणि शिवणीकडचा स्तंभ अर्धा आत गेलेला असतो, म्हणजे भावाचे आकडे दिसतात पण वस्तूचे नाव दिसत नाही. स्कॅनही अशाच बांधीव फाइलवरून केलेले असेल तर हा दोष त्यातही उतरतो, आणि मायक्रोफिल्मवरून घेतलेल्या स्कॅनमध्ये छायाचित्रांचा नुसता काळा डाग उरतो. फाइलमध्ये ती छायाचित्रे निदान ओळखू येतात. शिवाय पूर्ण पान एका नजरेत येते आणि सभेच्या बातमीशेजारी सिनेमाची जाहिरात, तिच्याखाली हरवलेल्या म्हशीची सूचना असा शेजार दिसतो. पडद्यावर मोठे केलेल्या तुकड्यात हा शेजार हरवतो, आणि माझ्या दृष्टीने त्या काळाची चव त्यातच आहे.

भाव उतरवून घेताना दोन्हीकडे सारखीच काळजी घ्यावी लागते. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै होत्या. ‘४ आणे ६ पै’ म्हणजे ५४ पै, आजच्या हिशेबाने सुमारे २८ पैसे. मणाचे वजन तर गावागणिक आणि मालागणिक बदलत असे, म्हणून गुळाचा भाव थेट किलोत बदलू नये. छापला आहे तसाच, मणासकट लिहून ठेवावा.

फक्त एका व्यक्तीचे किंवा प्रसंगाचे नाव हातात असलेल्याने इंग्रजी संग्रहाची महिन्याची वर्गणी भरावी आणि काम संपताच ती बंद करावी. घराण्याचे, पेठेचे, बाजाराचे जगणे पाहायचे असेल त्याने वर्गणीचे पैसे वाचवावेत. एकाच मराठी पत्राचा एकच महिना पडद्यावर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावा, जुन्या अक्षरांना डोळे सरावले की त्याच महिन्याची स्थानिक पत्राची फाइल मागावी आणि ग्रंथालयात जाताना वही, पेन्सिल व मोबाइलने फोटो काढण्याची परवानगी बरोबर असू द्यावी.