बिनकेसांच्या कुत्रीचे दात : बोटात घालायचा ब्रश आणि एन्झाइमवाली पेस्ट, काही महिन्यांनंतर

आमची कुत्री चायनीज क्रेस्टेड जातीची, बिनकेसांची. भेटणारा प्रत्येकजण आधी तिच्या कातडीबद्दल विचारतो. माझ्या मते खरं काम तोंडात आहे. केस न येण्यामागे जे जनुक आहे (फॉक्सआय३), त्याचाच परिणाम दातांवरही होतो. त्यामुळे बिनकेसांच्या पिल्लांना काही दाढा येतच नाहीत, आलेले दात निमुळते असतात आणि लवकर हलायला लागतात. त्याच वेतातल्या केसाळ भावंडांचे, म्हणजे पावडरपफचे दात मात्र पूर्ण असतात.

डॉक्टरांनी भूल देऊन दात साफ केले, एक हलणारा दात काढला आणि त्यानंतर आम्ही ब्रश सुरू केला. हा क्रम महत्त्वाचा. दातांवर साचून दगडासारखं घट्ट झालेलं टार्टर (किटण) कुठल्याच ब्रशने निघत नाही.

बोटात घालायचा सिलिकॉनचा ब्रश सवय लावायला उत्तम. तोंडात बोट गेलं तरी ती शांत बसायला शिकली. पण तिचा वरचा सुळा पुढे झुकलेला आहे. ओठ वर उचलला की त्याच्या मागे हिरडीलगत एक खाच दिसते आणि नेमकं तिथेच अन्न अडकतं. जाड सिलिकॉन तिथे पोचतच नाही. आता मऊ केसांचा, अगदी लहान डोक्याचा ब्रश वापरते, ४५ अंशात तिरका धरून.

पेस्ट कुत्र्यांचीच हवी, कारण ती गिळली जाते. माणसांच्या पेस्टमधलं फ्लोराइड त्यांना चालत नाही, आणि झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) असेल तर जिवावर बेततं. आम्ही वापरतो त्या एन्झाइमवाल्या पेस्टने तोंडाचा वास खूपच कमी झाला, हिरड्यांची लाली उतरली, ब्रशवर रक्त दिसणं थांबलं. हलणारा दात मात्र पेस्टने घट्ट होत नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

कातडीचं म्हणाल तर ब्लॅकहेड्स येतात, ऊन लागतं. सौम्य शाम्पू आणि हलकं मॉइश्चरायझर पुरतं. सनस्क्रीन झिंक ऑक्साइड नसलेलं घ्या, ती चाटते.

ब्रश करताना डोळेही बघून घेते. या जातीत दृष्टिपटल झिजण्याचा आणि भिंग सरकण्याचा आनुवंशिक त्रास आढळतो. डोळा अचानक लाल झाला, मिचकावायला लागली किंवा बुबुळ धुरकट दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पिल्लू घेणार असाल तर आईबापाचे डीएनए रिपोर्ट आधी मागा.

पेस्ट परत घेणार. बोटातला ब्रश फक्त पिल्लू असेल तरच घ्या.