अल्गीबेस वापरून बघितलं, 5 पैकी 4 स्टार

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं बॉटनी शिकणाऱ्या पोरांनी अल्गीबेस ही शेवाळांच्या नावांची साइट बघितली नसेल तर आधी बघा. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या मायकेल गायरींनी 1996 ला सुरू केली, आता जगभरचे शेवाळवाले नाव तपासायला तिथंच जातात, आणि बघायला पैसे लागत नाहीत.

आपल्याकडं समुद्र नाही. टूर कारवारला नाहीतर मालवणला, तिथं खडकावरनं ते हिरवं नळीसारखं शेवाळ खरवडून आणायचं, शीटवर चिकटवायचं आणि खाली एंटेरोमॉर्फा लिहायचं, कारण सीनियरच्या जर्नलात तसंच असतं. ते नाव इथं टाकून बघा, उल्व्हा येतं. 2003 ला डीएनए बघून ठरलं की दोन्ही एकच वंश (जीनस), म्हणजे शास्त्रीय नावांची पद्धत बसवणाऱ्या लिनियसनं 1753 ला हे सगळं उल्व्हातच ठेवलं होतं तेच बरोबर. नाव कुणी दिलं, जुनी नावं कुठली, पहिला नमुना कुठल्या किनाऱ्यावरचा, सगळं एका जागी.

आणि नाव म्हणजे नुसती पाठांतराची गोष्ट नाही हो. शिंपल्यात वाढणारं काँकोसेलिस हे वेगळंच शेवाळ समजायचे, 1949 ला मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकरनी दाखवलं की ती पोर्फायरा या खायच्या लाल शेवाळाचीच एक अवस्था आहे, आणि त्याच्यावर जपानची अख्खी नोरीची (त्याच शेवाळाच्या वाळवलेल्या पापड्यांची) शेती उभी राहिली!

आपल्या किनाऱ्याची नावं शोधताना बॉर्गेसन हे नाव सारखं भेटतं. हा डॅनिश माणूस 1927-28 च्या हिवाळ्यात भारतात येऊन शेवाळ गोळा करून गेला, त्याचा संग्रह कोपनहेगनला. म्हणजे आपल्याच खडकावरच्या शेवाळाचं नाव पक्कं करायला डेन्मार्ककडं बघायचं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक स्टार कापला तो एवढ्यासाठी की नाव आधी माहीत असलं तरच साइटचा उपयोग. शेवाळ हातात घेऊन ती ओळखून देत नाही. त्याला पातळ काप घेऊन मायक्रोस्कोपखाली पेशींचे थर बघावे लागतात, शेजारी जाणकार लागतो, आणि आमच्या भागात असे जे सर होते ते रिटायर झाले, त्यांच्या जागी शेवाळवाला कुणी आलाच नाही, नवीन पोरं सगळी मॉलिक्युलरकडं, म्हणजे डीएनएच्या कामाकडं. गुजरातेत भावनगरला सीएसएमसीआरआय (मीठ आणि सागरी रसायनांची केंद्रीय संशोधन संस्था) सारखी संस्था देशात आहे, पण इथल्या बीएस्सीच्या पोराला भावनगर काय जवळ आहे काय?

तोपर्यंत एवढं करा, शीटवर नवीन नाव, कंसात जुनं, आणि गाव, तारीख, भरती का ओहोटी हे न चुकता लिहा.