फिक्स कवळी, तीही तासाभरात

आमच्या सिंहगड रोडच्या भागात मोफत दंत तपासणीचे फ्लेक्स पुन्हा दिसायला लागलेत, म्हणून लिहितेय. घरात कवळी वापरणारं कुणी असेल तर वाचाच. सगळीच शिबिरं खोटी नसतात. डेंटल कॉलेजं खरीखुरी शिबिरं घेतात. पण माझ्या सासऱ्यांना, नानांना, ज्याने गाठलं त्यानेही शिबिराचंच टेबल मांडलं होतं.

नानांची वरची कवळी जुनी, बोलताना सुटायची. खाली पुढचे तीन दात तेवढे शिल्लक. ॲप्रन घातलेल्या त्या माणसाने कवळी बोटांवर फिरवली आणि म्हणाला, "काका, कवळी बिघडलेली नाही, तुमचा जबडा झिजलाय." हे अगदी खरं आहे. दात गेले की जबड्याचं हाड हळूहळू झिजतं आणि कवळी ढिली पडते. अशा वेळी दंतवैद्य आतून नवा थर देऊन ती पुन्हा घट्ट करतात, नाहीतर नवी बनवतात. हा मात्र पुढे म्हणाला, "आपण फिक्सच करून टाकू. काढायला नको, घालायला नको. रात्रीसुद्धा तोंडाचं बोळकं दिसणार नाही."

नाना तिथेच विरघळले. रात्री कवळी काढली की ते नातवंडांशी दाराआडून बोलतात. पांढऱ्या ॲप्रनमधल्या माणसाला हे कसं कळलं, तर त्याला रोज असेच नाना भेटत असणार.

35,000 चं काम, आज नाव नोंदवलं तर 18,000. पैसे जीपेने, क्लिनिकच्या नव्हे तर कुणा व्यक्तीच्या खात्यात. पावतीऐवजी 'लाइफटाइम गॅरंटी' छापलेलं चकचकीत कार्ड.

'क्लिनिक' सातारा रोडच्या आतल्या गल्लीत, जिन्याखालून वळून पहिल्या मजल्यावर. मी बाहेरच्या बाकावर, दार अर्धवट उघडं. एक्स-रे नाही, तोंडाचं माप नाही. त्याने वाटीत गुलाबी पावडर घेतली, तिच्यावर उग्र वासाचं पातळ ओतलं, नेलपॉलिशसारखा वास बाहेरपर्यंत आला. तो लगदा त्याने थेट नानांच्या हिरडीवर आणि त्या तीन दातांभोवती दाबला, तार गुंडाळली आणि डबीतले तयार दात त्यात खोचले. नाना हाताने खुणावत होते, गरम लागतंय. "सेट होतंय काका, हलू नका." वरच्या नव्या कवळीला टाळूच्या बाजूने एक रबरी चकती लावली, ओढून धरायला. तासाभरात खेळ आटोपला.

नंतर दुखायला लागलं तेव्हा फोनवर उत्तर, "नवीन आहे, टोचणारच." हेही अर्धं खरं. नवी कवळी काही दिवस टोचते, पण दंतवैद्य बोलावून घेतात आणि टोचणारी जागा घासून देतात. याने चिकटवायच्या पेस्टच्या ट्यूब विकल्या. खालचे दात काढताच येत नसल्यामुळे भाताची शितं आत अडकून कुजायची. वास इतका, की नाना स्वतःच जेवायला वेगळे बसायला लागले. त्यात मधुमेह. हिरड्यांचा संसर्ग आणि रक्तातली साखर एकमेकांना चढवतात. आम्ही मात्र साखरेच्या गोळ्या बदलून घेत बसलो होतो.

शेवटी डेंटल कॉलेजच्या ओपीडीत नेलं. तिथल्या मॅडमनी टाळू बघितला. चकतीच्या आकाराचा लालभडक गोल उठलेला, आजूबाजूला बुरशीचा संसर्ग. अशी चकती वर्षानुवर्षं राहिली तर टाळूला भोकही पडू शकतं, त्या म्हणाल्या. खालचा लगदा ड्रिलने कापून काढावा लागला. तीनपैकी एक दात त्यातच गेला. फिक्स कवळी हा प्रकार खरा आहे, पण त्यासाठी हाडात इम्प्लांट, म्हणजे धातूचे स्क्रूसारखे खुंट, बसवतात आणि त्याला बहुधा महिने लागतात. उरलेल्या दातांवर थापलेला लगदा म्हणजे फिक्स कवळी नव्हे.

हिरड्या बऱ्या झाल्यावर कवळी रीतसर झाली. आधी माप, मग त्या मापाच्या ट्रेमध्ये पुन्हा बारकाईने माप, मग मेणाच्या कडा तोंडात ठेवून चाव्याचं माप, मग मेणातच दात लावून आरशात दाखवणं. त्या वेळी नानांनी एक दात तिरका वाटतो म्हणून वाद घातला आणि तो बदलूनही घेतला. इतक्या खेपा लागतातच. 'आजच्या आज' म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचं आणि कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला डेंटल कॉलेज आहे. अशा कॉलेजांत वेळ जातो, पण खर्च खासगीपेक्षा बराच कमी.

आता रात्री कवळी साध्या पाण्याच्या डबीत. हिरड्यांना विश्रांती हवीच असते. गरम पाणी नको, कवळी वाकडी होते. टूथपेस्टनेही घासायची नाही, चरे पडतात आणि त्यात जंतू बसतात. मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं. धुताना बेसिनमध्ये थोडं पाणी भरून ठेवायचं, हातातून निसटली तरी फुटत नाही. हिरड्या आणि जीभही रोज साफ करायची. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर ताबडतोब दाखवायची.

दंतवैद्याची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणं गुन्हा आहे. आमच्या कार्डावर क्रमांकच नव्हता.

आम्ही दंत परिषदेकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि चौकशीसाठी 1915 हा हेल्पलाइन क्रमांक आहे. तोंडातून काढलेले तुकडे फेकू नका, ते पुरावा आहेत. केसपेपरवर डॉक्टरांकडून आत काय सापडलं ते लिहून घ्या. जीपेचा नुसता स्क्रीनशॉट काढून थांबू नका, बँकेचं स्टेटमेंटही घ्या. आमच्या कार्डावरचं नाव आणि पैसे ज्या खात्यात गेले ते नाव, दोन्ही वेगळी निघाली.