बिल्ला माझा, स्नेअर दुसऱ्याचा

जुनं वाद्य, जुना कॅमेरा, जुना रेडिओ असं काही घरात जपून ठेवलेलं असेल आणि 'शूटिंगला भाड्याने द्याल का' म्हणत कोणी दारात आलं, तर होय म्हणायच्या आधी हे वाचा. भाडं बुडवलं, माल घेऊन पसार झाले, असल्या फसवणुकी आपण ऐकून असतो. माझ्या बाबतीत भाडं ठरल्या दिवशी मिळालं, मालही परत आला आणि पावतीवरचा नंबर अंकाला अंक जुळला. तरीही माझ्या ड्रमसेटमधला वाजण्याजोगा भाग गेला तो गेलाच.

आधी सेटबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तो लुडविग या अमेरिकन कंपनीचा, शिकागोत बनलेला, 1960 च्या दशकातला. फेब्रुवारी 1964 मध्ये बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर दिसले, त्यांचा ड्रमर रिंगो स्टारच्या बास ड्रमवर, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर, लुडविगचं नाव ठळक होतं आणि कंपनीचं नशीब फळफळलं. त्यानंतरच्या मागणीच्या लाटेतला हा माल. तो मुंबईत कसा पोहोचला याच्या तीन वेगवेगळ्या कहाण्या आहेत आणि तिन्ही मला एकाच माणसाने सांगितल्या, ज्याने तो मला विकला त्या गोव्याच्या ड्रमरने. तो एका हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचा, राहायला धोबीतलावला. 1979 मध्ये आखातात नोकरी लागली म्हणून किडूकमिडूक विकून निघाला होता. तेव्हा परदेशी सेट दुकानात जाऊन घेण्याची सोय आमच्यासारख्यांना नव्हती. आयातीचे परवाने, वर जकात. जहाजावर काम करणारा कोणी आणेल किंवा हॉटेलातला वादक देश सोडेल, याची वाट बघायची. मी महापालिकेत कारकून, रात्री ऑर्केस्ट्रात ड्रमर. ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढलं. जामीन राहिलेल्या दोघांपैकी एकाला मी कर्ज फ्रीजसाठी काढतोय असंच वाटत होतं. फ्रीज पुढे बऱ्याच वर्षांनी आला.

गिरगावातल्या दोन खोल्यांत सेट माळ्यावर राहायचा. पुढचं हेड, म्हणजे ताणलेला पडदा, काढलेल्या बास ड्रमात घरातल्या गोधड्या कोंबलेल्या असायच्या. गणपतीत दहाही रात्री त्या बाहेर निघायच्या, कारण सेट लालबागला नाहीतर ठाण्याला टेम्पोत चढलेला असायचा. पावसात प्लास्टिकखाली स्नेअर, म्हणजे खाली तारा ताणलेला चपटा ड्रम, मी स्वतः मांडीवर घेऊन बसायचो, बाकी काही भिजलं तर भिजो.

आमच्या पिढीचे कान लेस्ली गोदिन्हो, बुजी लॉर्ड, फ्रँको वाझ या सिनेसंगीतातल्या ड्रमरांनी तयार केले. सिनेमाच्या गाण्यात हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडबंद करायची झांजांची जोडी, नेमकी कधी उघडते ते ऐकायला आम्ही इराण्याकडे एका चहावर बसायचो, ज्यूकबॉक्समध्ये तेच गाणं पुन्हा लावून. मग 1985 मध्ये रोलंड कंपनीने ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड, काढला आणि काही वर्षांत तो मराठी ऑर्केस्ट्रात घराघरात पोहोचला. एका बॅगेत मावतो, टेम्पो लागत नाही, आयोजक खूश. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहाची वेळ आली आणि नाइटा, म्हणजे रात्रीचे कार्यक्रम, आणखी कमी झाल्या. बरोबरीच्या पुष्कळांनी सेट फुंकून टाकले. मी ठेवला. नातेवाईक विचारायचे, आता याचं काय करणार? काय करणार म्हणजे, रविवारी सकाळी स्नेअरवर टॉवेल टाकून वाजवणार. शेजाऱ्यांची तक्रार नव्हती, तर यांना काय त्रास होता कोण जाणे.

तर हा माणूस आला तो एका जुन्या सॅक्सोफोनवाल्याचं नाव घेऊन. तिशीचा, मराठीच, बोलायला गोड. कला विभागात काम करतो म्हणाला. सत्तरच्या दशकातल्या क्लबचा सीन आहे, भाड्याने मिळतात ते सेट आजचे दिसतात, कॅमेऱ्यात कळतं. "काका, तुमच्यासारखा सेट अख्ख्या मुंबईत नाही." हे खरं नव्हतं, पण कानाला बरं वाटलं. त्याला माहिती मात्र चांगली होती. स्नेअरचा बिल्ला बघून 'कीस्टोन' म्हणाला. कमानीच्या माथ्यावरच्या दगडासारखा तो पितळी बिल्ला लुडविगवर साधारण 1970 पर्यंत असायचा, 1963 च्या अखेरीपासून त्यावर नंबर येऊ लागला. हे माहीत असलेला माणूस भेटला की जुन्या वाद्यवाल्याचं दार आपोआप अर्धं उघडतं.

पहिल्यांदा त्याने एका दिवसासाठी सेट नेला. मढला बंगल्यात शूटिंग होतं. संध्याकाळी परत, भाडं लगेच फोनवर जमा, टेम्पोवाल्याने तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. महिनाभराने पुन्हा फोन, या वेळी आठ-दहा दिवसांसाठी. मुलाच्या सांगण्यावरून मी रीतसर कागद केला. त्यावर त्याची सही, त्याच्या ओळखपत्राची प्रत, अनामत रकमेचा चेक आणि मालाचा तपशील: लुडविग ड्रम अमुक नग, स्नेअरचा बिल्ला क्रमांक अमुक, झांजा 4 नग.

तो तपशील त्याने स्वतः सुचवला होता. "काका, नंबर घाला, तुमच्या सेफ्टीसाठी."

सामान परत आलं रात्री साडेअकराला. खाली टेम्पो वाटेत उभा, मागची गाडी हॉर्न मारतेय, वॉचमन वर बघून ओरडतोय. त्याने बॅगेची चेन चार बोटं उघडून स्नेअरचा बिल्ला दाखवला, मी टॉर्च मारून नंबर वाचला. बरोबर होता. व्हाउचर पुढे केलं, 'वस्तू तपासून सुस्थितीत मिळाल्या' वगैरे छापील मजकूर, खाली सही. आणि जाता जाता म्हणाला, "काका, आमच्या पोरांनी सगळं पॉलिश करून दिलंय. आमच्याकडून भेट समजा."

सगळ्या डावाची किल्ली या एका वाक्यात होती, ते सकाळी कळलं.

बॅग उघडली तर स्नेअर आरशासारखा. माझा स्नेअर सुप्राफोनिक, 14 इंची, ॲल्युमिनियमच्या घेरावर क्रोमचा मुलामा. ॲल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, त्यामुळे त्या मॉडेलवर कालांतराने पुरळ उठल्यासारखे चट्टे येतात, मुलामा सुटतो. माझ्या स्नेअरच्या खालच्या कडेला असे चट्टे होते, एका ठिकाणी नखाने पापुद्रा उचलायचा. आता काहीच नाही. पहिल्यांदा मी चिडलो ते पॉलिशवर, कारण जुन्या झांजा घासल्या की त्यांची किंमत उतरते आणि क्रोम घासला की उरलासुरला निघतो. विचारायला फोन केला, तेव्हा तो हळहळला, चुकलं म्हणाला. पॉलिशच्या भांडणात अडकलेला माणूस बदललेल्या वस्तूकडे बघत नाही, हा त्याचा हिशेब होता.

मग मी राइड, म्हणजे सेटमधली मोठी झांज, स्टँडवर लावून वाजवली. जेवणाचं ताट फरशीवर पडावं तसा आवाज, आणि लगेच बंद. माझी 20 इंची झिल्जियन राइड काठीने टेकवली तरी पसरत जायची. ती काशाची, म्हणजे साधारण 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील. झिल्जियन घराणं 1623 पासून, कॉन्स्टँटिनोपलपासून हे काम करतंय, 1929 पासून अमेरिकेत. समोर होती ती तांबं-जस्ताची पितळी झांज. वर शिक्का होता, पण नखाला लागत नव्हता. जुन्या झिल्जियनवर शिक्का धातूत दाबलेला असतो, बोट फिरवलं की खोलगट लागतो. हा वरवर कोरलेला.

तरी मनात शंका: घासल्यामुळे आवाज असा झाला असेल का? शंका मिटवली मधल्या भोकाने. पूर्वी स्टँडला प्लास्टिकची नळी नसली की लोखंडी आटे झांजेला खात बसायचे. माझ्या राइडचं भोक एका बाजूला ओढल्यासारखं लांबट झालं होतं. या राइडचं भोक कंपासने काढल्यासारखं गोल. पॉलिशने डाग जातात, भोक गोल होत नाही.

स्नेअरला फ्रीजवरचा अष्टविनायकाचा मॅग्नेट लावला. टक्कन चिकटला. ॲल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे हा स्टीलचा. या मॉडेलच्या अशा स्टीलच्या नकला स्वस्तात मिळतात, लांबून ओळखू येत नाहीत. बिल्ला मात्र माझाच, उजव्या कोपऱ्यावरच्या चऱ्यासकट. बिल्ला ड्रमवर बसलेला असतो तो हवेच्या भोकातल्या एका पोकळ रिबिटाने. ते काढलं की बिल्ला हातात. यावर बसवलेलं रिबिट कोरं होतं, आतल्या बाजूला त्याच्या पाकळ्या वाकड्यातिकड्या फाकल्या होत्या. बास ड्रम आणि टॉम, म्हणजे बाकीचे ड्रम, त्याने तसेच परत केले. मोठं खोकं कोण बदलत बसणार? उचलायला सोपं आणि विकायला सोपं तेवढंच उचललं.

आता चौकीचा अनुभव. अधिकाऱ्याने माझाच कागद माझ्यासमोर ठेवला. नंबर जुळतो, झांजा चार लिहिल्यात, चार आल्यात, खाली तुमची सही, मग तक्रार कशाची? त्याला दोष देत नाही, कागदावरून तसंच दिसत होतं. 'दिवाणी मामला आहे' म्हणून त्यांनी अर्ज घेतला आणि पाठवणी केली. तोवर त्या माणसाचा फोन बंद, ओळखपत्र दुसऱ्याच कोणाचं, आणि चेक वटलाच नाही. हे सांगितल्यावर आवाज जरा बदलला.

काम झालं ते नातवाने मोबाइलवर काढलेल्या एका व्हिडिओमुळे. टाळेबंदीत त्याला हेड कसं बदलायचं ते शिकवत होतो. त्यात स्नेअरची खालची कडा, चट्टे आणि राइडचं लांबट भोक अगदी जवळून दिसतं. तो व्हिडिओ, आलेल्या वस्तूंचे फोटो आणि त्या अधिकाऱ्याच्या टेबलावर पुन्हा एकदा लावलेला तो अष्टविनायक, एवढ्यावर गुन्हा दाखल झाला. 1 जुलै 2024 पासून 420 कलम इतिहासजमा झालं. आता भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला 318 आणि विश्वासाने दिलेली वस्तू गिळंकृत करण्याला 316. चौकीवर गुन्हा घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 कलमाखाली तीच तक्रार टपालाने वरिष्ठांकडे, मुंबईत पोलीस उपायुक्तांकडे, पाठवता येते. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. 1930 वर फोन करा असं मला चौघांनी सांगितलं. तो नंबर पैसे ऑनलाइन गेले असतील तर कामाचा, वस्तू बदलली तर नाही.

जुनं वाद्य असलेल्यांना माझं एकच सांगणं आहे. बिल्ल्यावरचा नंबर लिहून वस्तू बांधली जात नाही. लुडविगच्या बाबतीत तर नंबर आणि बनण्याचं वर्ष यांचा मेळही काटेकोर बसत नाही. त्या काळच्या लाकडी ड्रमच्या आत तारखेचा शाईचा शिक्का असतो, तो जास्त भरवशाचा, त्याचा फोटो काढा. स्टिकर लावू नका, निघतो. झांजा वाण्याच्या नव्हे तर ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला आणि वजन कागदात घाला. एकाच मापाच्या दोन जुन्या झांजांचं वजन शे-दोनशे ग्रॅमनी सहज वेगळं भरतं. मधलं भोक, कडेच्या खाचा, हातोडीच्या खुणा यांचे फोटो घ्या आणि त्यावर नेणाऱ्याची सही घ्या. हे बघून तो कां-कूं करू लागला तर चहा पाजा आणि निरोप द्या. परतीची वेळ दिवसाची ठेवा. रात्री टेम्पो खोळंबलाय म्हणून सही मागितली तर 'न तपासता घेतलं' असं व्हाउचरवर हाताने लिहा, मगच सही. आणि कोणी न सांगता पॉलिश करून दिलं, तर त्याच क्षणी लोहचुंबक शोधा.

राइड सापडली. एका ओळखीच्या पोराला ती ऑनलाइन विक्रीच्या जाहिरातीत दिसली, फोटोत भोक स्पष्ट होतं. पुण्यातल्या एका होतकरू ड्रमरने ती रोख देऊन विकत घेतली होती आणि पटत नव्हती म्हणून पुन्हा विकायला काढली होती. पोलिसांनी बोलावल्यावर त्याने निमूट आणून दिली. त्याचे पैसे बुडाले, त्याचं मला वाईट वाटतं. राइड सध्या मुद्देमाल म्हणून जमा आहे. सुपूर्तनाम्यावर परत मिळावी म्हणून न्यायालयात अर्ज केलाय, तारीख पुढच्या महिन्यात.

स्नेअर, क्रॅश नावाची झांज आणि हाय-हॅटची जोडी अजून बाहेर आहे. स्नेअर बिल्ल्याविना किंवा दुसरा बिल्ला लावून फिरत असेल. खालच्या कडेचे चट्टे आणि तारा ताणायच्या खटक्याजवळ पडलेला बारीक पोचा, ही खूण. क्रॅश 16 इंची, घंटेच्या, म्हणजे मधल्या उंचवट्याच्या, आतल्या बाजूला लाल रंगात इंग्रजी 'एल' लिहिलेला, पहिल्या मालकाच्या हातचा. हाय-हॅट 14 इंची, वरच्या झांजेच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी खाच. कोणाला विकायला आलेली दिसली तर विकणाऱ्याशी घासाघीस करत बसू नका, त्याला काही सांगूही नका. फोटो आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा आणि जवळच्या ठाण्यात द्या.